अकरा ध्रुपदांचा उत्तरार्ध

पौड, ८ फेब्रुवारी १९६२

जयसिंगदादा,

तुमचा पत्ता पुण्याजवळच्या तुमच्या आंबोलीला, तुमच्या धाकट्या भावाकडून मिळाला. तो द्यायला फारसा राजी नव्हता. "दादा गाण्याचं नाव काढत न्हाई आता, बाई. घरात रेडिव पण ठेवला न्हाई. कशाला लिवताय?" असं म्हणाला. शेवटी सोलापूरच्या गिरणीचं आणि चाळीचं नाव सांगितलं आणि वर, "माझ्याकडनं घेतला म्हून सांगू नगा," अशी ताकीद दिली. मी सांगून टाकते आहे. बारा वर्षांनी लिहायला घेतलेल्या पत्राची सुरुवात तरी लपवाछपवीने नको.

काम असं. पुण्याच्या एका संगीतसंस्थेचे डॉ. बहिरट म्हणून गृहस्थ आहेत. जुनं गाणं जमवतात, यंत्रावर उतरवून घेतात आणि पुढे पुस्तक काढणार आहेत. त्यांना वाल्मीकबुवांची अकरा ध्रुपदं हवी आहेत. बुवांची वही त्यांच्या पुतण्याच्या ट्रंकेत होती, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेतल्या त्या घरात माडीपर्यंत पाणी होतं. ट्रंक सापडली नाही. आता जे काही उरलं आहे ते तुमच्याकडे आणि माझ्याकडे.

प्रत्येक ध्रुपदाचे चार तुकडे. पहिले दोन बुवांनी मला दिले, स्थायी आणि अंतरा. शेवटचे दोन, संचारी आणि आभोग, तुम्हाला. असं वाटून देणारा दुसरा गुरू मी ऐकला नाही. बुवांच्या पहिल्या वर्षश्राद्धाआधी आपण दोघांनी एकत्र बसून आपापलं एकमेकांना द्यायचं होतं. ते राहून गेलं.

बहिरट १८ मार्चला, रविवारी, इथे शाळेत यंत्र घेऊन येणार आहेत. माझ्याकडच्या उत्तरार्धांत काही ठिकाणी मला शंका आहे. तुमच्याजवळचे तुकडे लिहून पाठवाल का?

तुम्ही आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडी आला होतात, त्या दिवशी मी घरी नव्हते. तुम्हाला तसंच परत जावं लागलं, याचं मला वाईट वाटत आलं आहे.

हे इथल्या हायस्कुलाचे हेडमास्तर आहेत, मी वरच्या वर्गांना मराठी शिकवते. बाकी ठीक.

रत्ना


पौड, २५ फेब्रुवारी

जयसिंगदादा,

उत्तर नाही. त्याचं कारण मला कळतं असं वाटतं, म्हणून मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करते.

मी घरी होते.

जानेवारी पन्नास. बुवांना जाऊन दहा महिने झाले होते. तुम्ही आंबोलीहून सायकलवर आला होतात, दुधाच्या घागरी कुठेतरी ठेवून. कोट घातला होता. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून पाहिलं. सासूबाईंनी तुम्हाला जिन्यापाशीच थांबवलं. "काय काम?" म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "बुवांनी सांगितलं होतं, ताईंबरोबर बसायचं म्हणून." त्यावर त्या, "गाण्यासाठी परका पुरुष या घरात बसायचा नाही. आणि तुम्ही कोण, कुठले, हेही आम्हाला माहीत नाही." तुम्ही गावाचं नाव सांगितलंत, आडनाव सांगितलंत. मग काही बोलणं झालं नाही.

तुम्ही लगेच गेला नाहीत. रस्त्यापलीकडे सायकल टेकवून उभे राहिलात. मी खिडकीतून पाहत होते. अर्धा तास, कदाचित जास्त. मी खाली आले असते तर सासूबाईंनी मला बांधून ठेवलं नसतं. मोठा आवाज केला असता, संध्याकाळी यांच्याकडे तक्रार केली असती, इतकंच. बी.ए. झालेली बत्तीस वर्षांची बाई मी. कणीक मळत राहिले.

माझी रोजनिशी मी नेमाने लिहिते. काल ते पान काढून पाहिलं. त्या तारखेला लिहिलं आहे: "डोकं दुखत होतं. वाचन नाही." मी माझ्या वहीशीसुद्धा खोटं बोलले होते, हे मला काल कळलं.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्यावर सगळं ढकलायला आता सोपं आहे, म्हणूनच ढकलत नाही.

बहिरटांचं पुन्हा पत्र आलं. पखवाजवाल्यालाही घेऊन येणार आहेत. तीन आठवडे उरले. शेवटचे तुकडे पाठवा. माझ्यासाठी नको, बुवांसाठी.

रत्ना


पौड, ११ मार्च

जयसिंगदादा,

तुमचं कार्ड काल मिळालं. ते इथे उतरवून काढते, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य मला समोर हवं आहे.

"ताई, दोन्ही पत्रं पोचली. थट्टा कशाला करताय? पंचावन्न साली हितं स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो होतो, रेडिओवर तुमचं गाणं लागलं. बुवांचं भैरवातलं पद. पुढं शेवट ऐकला. मला बुवांनी दिलेला आणि तुमचा, एक अक्षर जुळत नव्हतं. खरं काय ते तुम्हाला दिलं आणि मला काहीतरी गुंडाळून दिलं, हे तेव्हा समजलं. ओसरीवर बसणाऱ्याला तेवढंच मिळणार. त्या दिवसापासून तंबोऱ्याला हात लावला न्हाई. माझी तक्रार न्हाई. परत लिहू नये. जयसिंग."

हे वाचून मी शाळेत गेले, दोन तास घेतले, घरी आले. काय शिकवलं ते आठवत नाही.

दादा, बुवांनी तुम्हाला फसवलं नाही. तुमच्याकडचं तेच खरं. रेडिओवर तुम्ही ऐकलंत ते बुवांचं नव्हतं. ते मी रचलं होतं. अकराच्या अकरा उत्तरार्ध माझे आहेत.

"काही ठिकाणी शंका आहे" असं मी लिहिलं होतं. शंका कुठेच नव्हती.

आता सगळं सांगते. आम्ही पन्नास साली जूनमध्ये पौडला आलो. यांनी सासूबाईंना शब्द दिला होता, "रत्ना गाईल ते फक्त वाल्मीकबुवांचं. जुनं, देवाचं गाणं. स्वतःच्या मनाचं एक अक्षर नाही." त्या शब्दावर मला तंबोरा घरात ठेवायला मिळाला. यांनी तेवढ्यासाठी आईशी सहा महिने अबोला धरला होता. तो शब्द माझ्याचसाठी दिलेला होता, हे मी विसरत नाही. पहाटे पाच ते सहा मी गात असे. पहिले दोन तुकडे गायचे आणि थांबायचं. पुढे काही नाही. दार दिसतं आहे आणि पलीकडे खोलीच नाही, अशी ती जागा रोज यायची.

चौपन्न साली, भाताची लावणी चालली होती तेव्हा, शाळेतून येताना बांधावर मला भैरवातल्या पदाची संचारी सुचली. अक्षरासकट. कॉलेजात जुनी व्रजभाषा वाचलेली, त्यामुळे शब्द अडले नाहीत. मी छत्री मिटून उभी राहिले. अंगावर पाऊस घेत तिथे उभी राहून गायले, हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लावणीच्या बायका हसत होत्या. त्या दिवसाइतकी सुखी मी त्याआधी किंवा नंतर नव्हते.

दीड वर्षात अकरा झाले.

रेडिओचं बोलावणं आलं तेव्हा मी पहिले दोनच तुकडे गाऊ शकले असते. कितीतरी गवई तसंच गातात. कोणी विचारलं नसतं. म्हणजे माझ्यावर कसलीही सक्ती नव्हती. मला सुचलं होतं, ते गायचं होतं, आणि माझ्या घरात सुचलेलं गायला परवानगी नव्हती. म्हणून ते बुवांच्या नावाखाली ठेवलं. बुवांची वही पुण्यात ट्रंकेत आहे, तोपर्यंत खरं कुठेतरी शाबूत आहे, अशी मनाची समजूत घातली होती. तुमचा विचार मी केला नाही. सोलापुरात कोणी रेडिओ ऐकत असेल हे मनातच आलं नाही.

एका गोष्टीपुरती मी प्रामाणिक राहिले, किंवा भित्री, मला ठरवता येत नाही. आभोगात रचणाऱ्याचं नाव गुंफतात. मी एकाही आभोगात नाव घातलं नाही. बुवांचं घालणं खोटं होतं आणि माझं घालायची छाती नव्हती.

तुम्हाला ओसरीवर बसवत ते बुवांच्या पत्नीच्या, काकूंच्या सोवळ्यामुळे. बुवांना ते बोचत असे. वाटणी का केली ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं: "अर्धं तुला, अर्धं त्याला. मी मेलो की झक मारत दोघं एका सतरंजीवर बसाल. माझ्या हयातीत माझ्याच घरात मला ते जमलं नाही." हे तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. मी दारामागे उभी राहिले.

रविवारी मी बहिरटांना खरं सांगणार आहे. पहिले दोन तुकडे गाऊन थांबेन.

रत्ना


पौड, १९ मार्च

जयसिंगदादा,

काल ते झालं. जसं झालं तसं लिहिते. माझ्या बाजूने काही झुकवलं तर तुम्हाला कळेलच.

शाळेचा मोठा वर्ग झाडून घेतला होता. यांनी स्वतः सतरंज्या घातल्या. बहिरट पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, फार सज्जन. यंत्र बॅटरीवर चालणारं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सगुणाबाई त्याच्याभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "हे आमचं बोलनं बी धरून ठिवतंय व्हय? मग मी न्हाई बाई बोलायची. आमचं मालक म्हनतील, घरात पुरत न्हाई म्हून आता पेटीत बडबडाया लागली." बहिरट हसले. मलाही जरा मोकळं वाटलं.

पहिलं पद भैरवातलंच घेतलं. स्थायी झाली, अंतरा झाला. मी हात वर केला आणि म्हणाले, "यंत्र थांबवा."

"काय झालं? पाणी हवं?"

"पुढचं बुवांचं नाही. ते मी रचलेलं आहे. खरं सोलापूरला माझ्या गुरुबंधूंकडे आहे, त्यांचा पत्ता देते."

बहिरटांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वा."

मला वाटलं, त्यांना राग आला. ते पखवाजवाल्याकडे वळून म्हणाले, "बघा, याला शिष्य म्हणतात. गुरूच्या गाण्याशी इतकी एकरूप झाली आहे की आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे कळेनासं झालंय."

मी म्हणाले, "मला चांगलं कळतंय. तारखा आहेत माझ्याकडे."

"बाई, रागावू नका. मी तीस वर्षं हेच करतो आहे. तुमच्या रेडिओवरच्या गाण्याचं टिपण माझ्याजवळ आहे. स्थायी-अंतरे चांगले आहेत, पण तसे इतरत्रही मिळतात. हे जे उत्तरार्ध आहेत ना, ते वेगळेच आहेत. आणि एकातही रचणाऱ्याचं नाव नाही. याचा अर्थ काय? नाव घालायची पद्धत पडली त्याच्या आधीचे आहेत हे! तीनशे वर्षं, कमीत कमी. बुवांना कुठून मिळाले हेच मला शोधायचंय."

मी नाव का घातलं नाही ते सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, लहान मूल काही सांगतं तेव्हा ऐकतात तसे. "पौडला बसून, शाळा सांभाळून, असलं कुणी रचेल?" असं शेवटी म्हणाले. त्यात अपमान करायचा हेतू नव्हता. मला समजावत होते.

मग यांनी मागून म्हटलं, "गा. डॉक्टर लांबून आलेत."

आणि दादा, मी गायले. सगळी अकरा, शेवटापर्यंत. खरं सांगितल्यावर कोणी मानलं नाही, मग माझा काय इलाज, असं मी तेव्हा स्वतःशी म्हणाले. ते पूर्ण खरं नाही. "तीनशे वर्षं" हा शब्द माझ्या डोक्यात गेला होता. मला गायचं होतं. मी फार चांगली गायले.

संध्याकाळी बहिरट एस.टी.ने गेले. घरी आल्यावर यांनी कोट खुंटीला लावला आणि विचारलं, "तू म्हणालीस ते खरं होतं?"

"हो."

हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आई पलीकडच्या खोलीत माळ ओढत बसलेली असायची, आणि तू इथे स्वतःचं गात होतीस."

"हो."

"ती मला विचारायची, बुवांचंच आहे ना रे? मी हो म्हणायचो."

आवाज चढवला नाही. कपाटातून जुनं धोतर काढलं, तंबोरा नीट गुंडाळला, तारांवर ताण येऊ नये म्हणून खुंट्या सैल केल्या आणि माळ्यावर ठेवला. खाली उतरून म्हणाले, "मी तुला शिक्षा करत नाही. पण मी दिलेला शब्द तू आठ वर्षं मोडलास. यापुढे मला या घरात कुणाचं काय आहे हे ऐकून ओळखता येणार नाही, तेव्हा नकोच." माणूस वाईट असता तर मी भांडले असते.

तर आता अशी गत आहे. बहिरटांच्या पेटीत माझं खोटं बंद आहे, बुवांचं म्हणून. ते छापलं की तुमचं कायमचं खोटं ठरणार. आणि मी खरं बोलते आहे हे एकाच गोष्टीने सिद्ध होईल: तुम्ही तुमचं गाऊन दाखवलंत तर.

या. मला खोटं पाडायला या.

रत्ना


पौड, १२ एप्रिल

जयसिंगदादा,

तुमचं लांब पत्र मिळालं. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. त्याऐवजी हिशेबासारखं लिहिलंत: अकरापैकी चार आठवतात. भैरव, तोडी, मालकंस आणि सारंगातलं छोटं. उरलेली सात पदं, सात वर्षं रोज प्रयत्न करून विसरलात. "गिरणीत साच्यांच्या आवाजात उभं राहायचं आणि एकेक ओळ बुडवून टाकायची. दारूला हात न लावता विसरलो, त्याचा गर्व होता मला. आता कळतंय, बुवांचं होतं ते." ही ओळ मी तीनदा वाचली.

सात गेली. वहीतून पाण्याने नेली आणि तुमच्यातून मी.

तुम्ही विचारता, "माझी चार पदं बाहेर आली की तुमची अकरा खोटी पडतील, मग तुमच्या हाती काय राहील?" आणि पुढे, जरा टोचून: "ताई, तुम्हाला नक्की पाप कबूल करायचंय, का ते तुमचं आहे हे जगाला सांगायचंय?"

हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. अठरा तारखेला वर्गात उभी राहून "हे मी रचलं" म्हणाले, तेव्हा माझा आवाज पडलेला नव्हता. कबुली देणाऱ्याचा आवाज तसा नसतो. दोन्ही आहे, दादा. वेगळं करू पाहते, होत नाही. तुम्ही मला एकाच कारणासाठी चांगलं समजू नये म्हणून हे लिहिते.

तरी या. माझ्याकडचे अकरा पूर्वार्ध तुम्हाला घ्यायला हवेत. मी आता गात नाही. माझ्याबरोबर ते जातील. तुमच्या चारांना डोकं लागेल आणि बाकीच्या सातांचं निदान अर्धं राहील.

मी यांच्याशी बोलले. म्हटलं, जयसिंगदादांना बोलवायचं आहे. हे म्हणाले, "इथेच बोलव. घरात. बैठकीत बसतील. आईने त्यांना जिन्यावरून परत पाठवलं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस." मी म्हणाले, "तुम्ही काय केलं असतं?" यांनी विचार केला. "माहीत नाही. तेव्हा बहुतेक काहीच केलं नसतं." मग मी विचारलं, मला त्यांना पहिले तुकडे शिकवावे लागतील, ते चालेल का? यावर दोन दिवस घेतले. शेवटी ठरलं: ओळ म्हणून दाखवायची, विस्तार करायचा नाही. शिकवणं म्हणजे गाणं नव्हे. आम्ही दोघं शिक्षक असल्यामुळे असले करार आम्हाला जमतात.

मे महिन्यात गिरणीची रजा मिळेल असं लिहिलंत. पुण्याहून पौडला सकाळची एस.टी. घ्या, दुपारच्या गाडीला गर्दी असते. उतरल्यावर हायस्कूल कुणीही दाखवेल.

रत्ना


पौड, ११ जून

जयसिंगदादा,

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. आंबोलीला भावाकडे राहून सोलापूरला परत जाणार होतात, तेव्हा हे पत्र चाळीच्याच पत्त्यावर टाकते.

बहिरटांचं पत्र आलं. तुम्ही ऐकलंत तर हसाल. जाताना पुण्यात तुम्ही त्यांना ऐकवलेल्या चार पदांनी ते फार भारावले आहेत. पण माझे उत्तरार्ध ते काढणार नाहीत. पुस्तकात दोन्ही छापणार: "वाल्मीकबुवांच्या परंपरेत दोन पाठ दिसतात." तुमचा एक, माझा एक. माझा अधिक जुना असावा असं त्यांचं मत कायम आहे. मी पुन्हा लिहिलं, तारखांसकट, रोजनिशीतले उतारे काढून. यांनीही माझ्या पत्राखाली सही करून पाठवली, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे." मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का. त्यावर उत्तर आलं की आमच्या कुटुंबाची नम्रता पाहून त्यांना गहिवरून आलं. आता यापुढे काय करायचं मला कळत नाही. तुम्ही जाताना म्हणालात तेच: "ताई, तुमचं खोटं लई पक्कं बांधलंय. तुमालाच फुटंना."

तुम्हाला बैठकीत बसलेलं पाहिलं, यांनी चहा करून आणला, जास्त साखरेचा, आणि तुम्ही, "मास्तर, ह्यात ऊस पिळला काय?" म्हणालात, त्यावर हे किती दिवसांनी मोठ्याने हसले. सतरंजी एकच होती. बुवांचं तेवढं झालं. तुमच्या तोंडी पहिले तुकडे दोनतीनदा म्हणताच बसले, जणू ते कुठेतरी होतेच. तुम्ही परत गायला लागलात, हे मी यांनाही सांगते, सगुणाबाईंनाही सांगते. हे सगळं खरं आहे आणि त्याचा मला आनंद आहे.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र घेतलं ते लिहिते.

शेवटच्या दिवशी, यांनी माळ्यावरून तंबोरा काढून दिला, तुमच्यासाठी. मी तो धरून मागे बसले. तुम्ही भैरवातलं पद आरंभापासून गायलात, पहिल्यांदाच पुरं. अंतरा संपला. मी तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते येणार होतं: बुवांनी खरोखर काय दिलं होतं. तुम्ही डोळे मिटले होते. संचारी आली, आभोग आला, रचणाऱ्याचं नाव आलं. साधं होतं. सरळ, नीट, चार पावलं चालून देवापुढे हात जोडावे तसं. यांनी डोळे पुसले.

मी तारा छेडत होते, आणि माझ्या मनात आलं: माझं याहून चांगलं आहे.

मी तो विचार ढकलला. तुमचा आवाज सात वर्षं बंद होता म्हणून असेल, असं म्हटलं. मग पद मनात शब्दाशब्दाने लावून पाहिलं, पेपर तपासते तसं. तरी तेच उत्तर आलं. बुवा समोर असते तर त्यांनाही मी हेच सांगितलं असतं, की भीतीने गप्प बसले असते, माहीत नाही. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "कसं?" मी म्हणाले, "बुवा आठवले." तेही खोटं नव्हतं.

हे तुम्हाला कळवायची गरज नव्हती. तुम्हाला कदाचित दुखेल. पण मी तुमच्याशी आधी तीनदा खोटं बोलले आहे, दोनदा पत्रात आणि एकदा रेडिओवर, आणि चौथ्यांदा बोलायचं नाही असं ठरवलं आहे. आणि दुसरं म्हणजे, हे ज्याला सांगितल्यावर समजेल असा माणूस मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

तंबोरा परत माळ्यावर गेला आहे. आज सकाळी तांदूळ निवडत बसले होते. सगुणाबाई केर काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, व्हट का हलतायत तुमचं? काय म्हनताय?"

मी म्हटलं, "काही नाही. खडे मोजते आहे."

रत्ना